उलांडीची गाठ

नुकुनोनू बेट
९ फेब्रुवारी १९८४

लाडके मातालेना,

तुझं पत्र जहाजातून उतरलं तेव्हा मी चटईसाठी केवड्याच्या पाती उकळत होते. पत्र वाचता वाचता खालच्या पाती करपल्या. म्हणजे बघ, तुझं पुस्तक छापून व्हायचंय, पण माझी एक चटई आधीच गेली.

तिकडे शहरात, पोरिरुआतल्या आपल्या माणसांची पोरं आपली भाषा विसरत चालली, तुझा लेक तर तू आपल्या भाषेत विचारलंस की इंग्रजीत उत्तर देतो, म्हणून तुम्ही आपल्या भाषेत चित्रांची पुस्तकं काढणार. चांगलं आहे. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, पण पिल्लू बादलीत वाढलं तर शिकवावंच लागणार. 'आत्या, तुझ्याइतक्या गोष्टी कुणाला येतात' असं लिहिलंयस. लोणी लावायला चांगली शिकलीस. मी शाळेत फार गेले नाही, अक्षरं चर्चच्या प्रार्थनापुस्तकावरून गिरवली. चुका असतील त्या तू काढ.

गोष्ट सोबत आहे. थोडक्यात अशी. एक छोटा भाऊ आणि एक छोटी बहीण बापाला न सांगता त्याची होडी काढतात आणि पलीकडच्या बेटावर पक्ष्यांची अंडी आणायला निघतात. मध्येच होडीचा तोल धरणारं बाजूचं लाकूड, म्हणजे उलांडी, सैल होते. ती सुटली तर होडी कलंडणार. भाऊ पाण्यात उतरून उलांडी धरून ठेवतो, बहीण ती बांधते, आणि दोघं गाणी म्हणत घरी येतात. दुसऱ्या दिवशी बाप म्हणतो, 'आता तुम्ही मोठे झालात.' त्या दिवसापासून, मोठ्या भावाबहिणींच्या रीतीप्रमाणे, ती एका होडीत बसत नाहीत, एका चटईवर निजत नाहीत, आपसांत थट्टा करत नाहीत. पुढे भाऊ मासेमारी करायला लागतो. दर वेळी पहिला मासा बहिणीच्या दारात ठेवतो आणि न बोलता निघून जातो. संपली गोष्ट.

आता खरं सांगते. तो भाऊ तुझा बाप आणि ती बहीण मी.

म्हणून एक अट. त्याने हो म्हटल्याशिवाय हे छापायचं नाही. मी त्याला विचारू शकत नाही, तुला ठाऊक आहे. म्हाताऱ्या बहिणीने भावाला 'आठवतं का रे आपण लहानपणी' असं विचारायचं, ही आपली रीत नाही. आणि रेडिओवरून निरोप द्यावा तर अख्खं गाव कान टवकारून बसतं. तो तिकडे तुझ्याजवळ आहे, तू त्याला वाचून दाखव. तो काय म्हणतो ते मला कळव.

तुझी,
आकाता आत्या


पोरिरुआ
१४ मार्च १९८४

प्रिय आत्या,

गोष्ट मिळाली. मी ती छापखान्यात उभ्या उभ्या वाचली, आणि ग्वेन बाईंनी विचारलं, 'काय झालं, कोणी गेलं का?' ग्वेन बाई म्हणजे आमच्या प्रकाशनाच्या मालकीण. तिसरं माणूस चित्रं काढतं. एवढंच आमचं साम्राज्य.

मी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितली. होडीचा भाग त्यांना फार आवडला. शेवटावर मात्र त्या अडल्या. म्हणतात, 'मुलं रडतील. भाऊ बहिणीशी बोलत का नाही असं विचारतील. भांडण झालं असं वाटेल.' त्यांना शेवटी म्हातारी झालेली दोघं धक्क्यावर भेटून मिठी मारतात असं चित्र हवंय. आणि त्या विचारतात, दारात मासा ठेवला, कोणी बघितलं नाही, तर तो भावाने ठेवला हे बहिणीला कळलं कसं? हा प्रश्न मलाही पडला, आत्या.

पुढल्या फेब्रुवारीत शाळा सुरू होतील तेव्हा पुस्तक वर्गात असायला हवं. म्हणजे नोव्हेंबरात छपाई. तोवर बदल करता येतील.

बाबांना वाचून दाखवते. सध्या घरात जरा गडबड आहे, सवड मिळाली की लगेच. तुझी तब्येत जप.

तुझी,
मातालेना


नुकुनोनू
२० एप्रिल १९८४

मातालेना,

मिठी! अगं, मी ते वाक्य शेजारच्या हिलियाकोला वाचून दाखवलं तर तिने तोंडावर पंखा धरला. धक्क्यावर, सगळ्या गावासमोर, म्हातारा भाऊ आणि म्हातारी बहीण! ग्वेन बाईला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, असं पुस्तक इथे आलं तर आम्ही ते चुलीसाठी वापरू. नारळाच्या करवंट्या ओल्या असल्या की कागद बरा पेटतो.

राग धरू नकोस. त्या बाईचं मन चांगलं दिसतं. तिला वाटतं, बोलत नाहीत म्हणजे प्रेम आटलं. तिला असं सांग: मिठी मारायला काही लागत नाही, दोन हात असले की झालं. पण आयुष्यभर पहिला मासा बहिणीच्या दारात ठेवायचा, आणि आभार मानायला ती बाहेर यायच्या आत पाऊल उचलायचं, याला माणूस लागतो. मुलं विचारतील तर विचारू देत. मुलांनी विचारलं नाही तर आया काय सांगणार?

आता तुझा प्रश्न. मासा त्याने ठेवला हे कसं कळलं? हे फक्त तुझ्यासाठी. पुस्तकात घालायचं नाही.

त्या दिवशी उलांडीचा काथ्या तुटला तेव्हा मी माझ्या कमरेच्या कापडाची पट्टी फाडली आणि गाठ मारली. मला गाठी कुठे येत होत्या? ते पुरुषांचं काम. हात जातील तशी मारली. तुझा बाप मानेपर्यंत पाण्यात, दात वाजतायत, आणि तिथून ओरडतो, 'अशी गाठ कोण मारतं गं! ही गाठ आहे की खेकडा?' पण खेकडा घरी पोचेपर्यंत सुटला नाही. सोडवायला गेलं की जास्त आवळायचा.

पुढे त्याने मासे धरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दारात कुप्पा मासा, कल्ल्यातून नारळाच्या पातीची दोरी ओवलेली, आणि दोरीला ती गाठ. कुठलाही शहाणा कोळी मारणार नाही अशी. होडीवरचे पुरुष त्याला हसायचे, 'पोरी, तुझा मासा सुटेल!' तो ऐकून घ्यायचा, बदलायचा नाही. मोठ्या वादळानंतर तो तिकडे निघून गेला तोवर असं चाललं. तिकडून येतात ते खोके तुझी आई बांधते, चिकटपट्टीने. तिचं काम चोख असतं.

गाठ कशी होती ते लिहून सांगता येत नाही. चुकीची होती एवढं पुरे.

आणि हो, 'घरात गडबड' म्हणजे काय? सवड मिळाली की नाही? तो काय म्हणाला? दर खेपेला जहाज आलं की मी धक्क्यावर सगळ्यांच्या पुढे उभी असते. लोक म्हणतात, आकाता म्हातारपणी नवऱ्याची वाट बघते की काय.

आकाता आत्या


पोरिरुआ
२५ मे १९८४

प्रिय आत्या,

ग्वेन बाईंना तुझं पत्र जसंच्या तसं सांगितलं. चुलीचं सुद्धा. त्या खूप हसल्या. त्यांचा एक भाऊ आहे, कुठेतरी दूर असतो, म्हणाल्या. मिठी काढली. शेवटच्या पानावर आता नुसतं दार आहे, उंबऱ्यावर मासा, आणि लांब वाटेवर एक पाठमोरा माणूस. तू बघितलंस तर तुलाही पटेल.

बाबांना गोष्ट वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकली. काही बोलले नाहीत.

बाकी सगळं ठीक. मुखपृष्ठावर तुझं नाव मोठ्या अक्षरात येणार आहे. चित्रांच्या कच्च्या प्रती पुढच्या जहाजाने धाडते.

तुझी,
मातालेना


नुकुनोनू
२ जुलै १९८४

मातालेना,

छापू नका.

भाऊ काही बोलला नाही, याचा अर्थ तुला तिकडे कुणी शिकवला नसेल. इथे लहान पोराला विचार. बहिणीला तोंडावर नाही म्हणणं भावाला शोभत नाही, म्हणून त्याला पटलं नाही की तो गप्प बसतो. आमच्या बापाची जमीन वाटली तेव्हा तो असाच गप्प बसला होता, आणि मी समजले होते.

जूनच्या जहाजाने तिकडून आपल्या गावचा इओआने आला. मी मुद्दाम त्याला माडीची ताजी बाटली दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, 'आमच्या भावाचं कसं काय?' तर तो बाटलीकडे बघत म्हणाला, 'यंदा तिकडे थंडी फार आहे.' मी काय इतकी खुळी आहे? सगळ्या पोरिरुआला कळलंय की आकाताने भावाचं लहानपण बाजारात मांडलं आणि त्याला राग आलाय. म्हणून माझ्याशी कुणी डोळ्याला डोळा देत नाही.

चूक माझी. मासा दिसला आणि पाण्याचा ठाव न घेता उडी मारली. गोष्ट त्याची पण होती, आणि मी ती आधी कागदावर उतरवली, मग विचारलं. ग्वेन बाईला सांग, आकाताने माफी मागितली. तिला दुसरी गोष्ट देईन, समुद्रातल्या आंधळ्या कासवाची. त्यात कुणी नातेवाईक नाही.

माझं नाव कशावरही घालू नकोस.

आकाता


पोरिरुआ
६ ऑगस्ट १९८४

आत्या, माझी आत्या,

तुझं पत्र वाचून मी जिन्यावरच बसले. आता आई रागावली तरी चालेल, मी लिहिते.

बाबा गप्प बसले नाहीत. बाबांना बोलता येत नाही.

तुझी गोष्ट येण्याच्या थोडं आधी ते कारखान्यात कामावर असताना पडले. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आता घरी आहेत, खुर्चीत बसतात, डाव्या हाताने जेवतात. आईने इथल्या सगळ्यांना बजावलं, बेटावर कळवायचं नाही. म्हणते, 'आकाता म्हातारी आहे. जहाजात बसून निघेल आणि वाटेतच जाईल.' इओआनेला तर तिने चर्चच्या दारात शपथ घातली होती. बिचारा थंडीबद्दल बोलला, दुसरं काय बोलणार!

मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. 'बोलले नाहीत' हे तू कसं वाचशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी इथली झाले आत्या, हे मला त्या दिवशी जिन्यावर कळलं. आपल्या भाषेतली पुस्तकं छापायला निघाले आणि आपल्याकडच्या एका गप्प बसण्याचा अर्थ मला ठाऊक नाही.

आता सगळं सांगते. मी वाचत होते तेव्हा बाबा आधी खिडकीकडे बघत होते. होडी आली तेव्हा माझ्याकडे वळले. भाऊ पाण्यात उतरला तिथे त्यांच्या घशातून आवाज आला. आईला वाटलं ठसका लागला, ती पाणी घेऊन धावली, त्यांनी भांडं बाजूला सारलं. मी विचारलं, 'बाबा, छापू का?' त्यांनी मान हलवली.

तेवढं पुरे नाही का? ग्वेन बाई थांबल्या आहेत. त्या म्हणाल्या, 'तिची परवानगी नसेल तर आपण छापणार नाही, पण नोव्हेंबर कुणासाठी थांबत नाही.'

मला माफ कर.
मातालेना


नुकुनोनू
१३ सप्टेंबर १९८४

पोरी,

जहाज निघायला फार वेळ नाही, म्हणून दोन ओळी. तुझी आई म्हणते ते बरोबर आहे, मी निघालेच असते. गाठोडं बांधलं पण होतं. पाद्रीबाबांनी अडवलं. म्हणाले, 'तिकडे जाऊन काय करणार? भावाचं तोंड पुसणार? त्याला ते सोसेल का?' नाही सोसणार. ते त्याच्या बायकोने करावं, तुझ्या हाताने व्हावं. बहिणीसमोर असं लुळं पडून राहणं त्याला मरणाहून वाईट. म्हणून गाठोडं सोडलं. पुन्हा बांधलं. पुन्हा सोडलं. हिलियाको म्हणते, 'अगं, त्या कापडाचा जीव जाईल आता.'

हातातलं काम सुचत नाही. पंखा विणायला बसते आणि पात उलटी जाते.

तू म्हणतेस मान हलवली. पोरी, राग मानू नकोस, एक विचारते. तू त्याला 'सूप घेणार का' विचारलंस तर तो काय करतो? 'औषध घ्या' म्हटलं तर? मान हलवतो ना? ज्याला बोलता येत नाही त्याचा होकार आपणच त्याच्या तोंडात घालायचा, हे सोपं आहे, म्हणूनच करू नये. त्याचा राग नव्हता हे कळलं, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण राग नाही म्हणजे हो, असं नाही.

त्याच्या बाजूने तू हो म्हणू नकोस. मीही म्हणणार नाही. नोव्हेंबर गेला तर गेला.

त्याच्यासाठी चटई पाठवते आहे. खुर्चीत घाल.

आकाता आत्या


पोरिरुआ
८ ऑक्टोबर १९८४

प्रिय आत्या,

तू विचारलंस म्हणून बघितलं. सुपाला मान हलवतात. औषधाला हलवतात. काल माझ्या लेकाने विचारलं, 'आजोबा, तुम्ही राणी आहात का?' तर त्यालाही हलवली. तुझं बरोबर आहे. मी ग्वेन बाईंना सांगितलं, नाही छापायचं. त्यांनी काही वाद घातला नाही. म्हणाल्या, 'निदान कच्च्या प्रती तिला पाठव. तिच्यासाठी एक तरी असू दे.'

त्या या पुडक्यात आहेत. चित्रं बघ. दाराचं चित्र नक्की बघ.

पुडकं असं गबाळं दिसतंय त्याबद्दल माफ कर. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बांधत होते, चित्रं पसरली होती. बाबा खुर्ची पुढे सरकवून बघत बसले, एकेक पान, फार वेळ. मी कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावणार, तर त्यांनी डाव्या हाताने ती ढकलून दिली आणि दोऱ्याकडे बोट केलं. मग स्वतःच बांधायला लागले, एक टोक दातात धरून. मी मदतीला हात लावला तर असे डोळे वटारले की काय सांगू! सूप गार झालं. आई ओरडायला लागली. लेक म्हणाला, आपल्या भाषेत म्हणाला आत्या, 'आजोबा, असं नाही बांधत!' तर बाबा हसले. पडल्यापासून पहिल्यांदा.

दोरा सगळा वेडावाकडा बसलाय. मी नीट बांधून देणार होते, पण त्यांनी सोडू दिला नाही. वाटेत सुटलं नाही म्हणजे मिळवलं.

चटई मिळाली. त्यांनी ती खुर्चीत नाही, मांडीवर घेतली आहे.

तुझी,
मातालेना


नुकुनोनू
९ नोव्हेंबर १९८४

मातालेना, पोरी,

जहाज अजून प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं आहे. होडीची शेवटची फेरी व्हायची आहे, आणि मी धक्क्यावर एका पिंपावर कागद ठेवून लिहिते आहे.

पुडकं होडीतून आलं तेव्हा समुद्राच्या पाण्याने भिजलं होतं. होडीवाला लुई फार मदत करणारा माणूस. म्हणाला, 'द्या मावशी, दोरा कापून देतो, गाठ फार आवळलीय,' आणि चाकू काढला. मी अशी ओरडले की त्याचा चाकू पाण्यात पडला. आता तो गुडघाभर पाण्यात चाकू शोधतोय आणि मला काय काय बोलतोय ते पाद्रीबाबांनी ऐकू नये.

अगं वेडे, तुला सांगितलं होतं ना, चुकीची गाठ! तुझ्या डोळ्यांदेखत त्याने मारली आणि तू मला 'गबाळं' म्हणून माफी मागतेस!

मी पिंपावर ठेवून नीट बघितली. खेकडाच आहे. तीच गाठ, पण उलटी पडली आहे. उजवीकडचा वेढा डावीकडे आलाय, कारण हात डावा. तू उजव्या हाताने मारली असतीस तर सुलटी पडली असती. ही त्याचीच. मान तो सुपालाही हलवतो, पण चित्रं बघून ही गाठ मारली ती माझ्यासाठी, हाच त्याचा होकार.

हिलियाकोने विचारलं, 'काय आलं गं भावाकडून?' मी म्हटलं, 'मासा.'

मी दोरा सोडला नाही. कागद दुसऱ्या बाजूने फाडला आणि हात घालून पानं काढली. चित्रं भिजली आहेत, पण दिसतात. दाराचं चित्र छान आहे. पाठमोरा माणूस जरा जाड काढलाय, तो इतका जाड कधी नव्हता, पण राहू दे. ग्वेन बाईला म्हणावं, तिच्या भावाला काहीतरी पाठव. काय पाठवायचं ते तिला कळेल.

छापा. हा कागद याच जहाजाने परत येतोय. नोव्हेंबर संपायच्या आत पोचला तर बरं, नाहीतर पुढल्या वर्षीची पोरं वाचतील, पोरं काय, दरवर्षी येतात. गाठीचं मात्र पुस्तकात नको. बहिणीला कसं कळलं असं एखादं पोर विचारेलच. तुझ्या लेकाला सांग, 'असं नाही बांधत' म्हणालास ना, मग कसं बांधतात ते आजोबांकडून शिकून घे. मग विचारणाऱ्या पोराला त्याने सांगावं. आपल्या भाषेत.

आणि मुखपृष्ठावर माझं एकटीचं नाव चालणार नाही. होडी दोघांची होती. वर तुझ्या बापाचं नाव, 'पेनेहे', लिही, खाली 'आकाता' लिही. एका ओळीत नको, लोक काय म्हणतील. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोड. आम्हाला सवय आहे.

होडी आली. लुईला चाकू सापडला.

तुझी,
आकाता आत्या